जागेवर नसलेला मार्शल

क्लबने कुरिअरने पाठवलेल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आभार होते. आधी प्रायोजक, मग नारळ फोडणारे पाहुणे, मग स्पर्धक. सगळ्यात खाली एक ओळ होती: ‘आणि इतर सर्व.’ सांगलीतल्या माझ्या खोलीत ती ओळ वाचली आणि माझं डोकं फिरलं.

हे इतर सर्व कोण, ते आधी सांगतो. हा खेळ न पाहिलेल्या माणसाला वाटतं, गाडी आणि ती हाकणारा असला की शर्यत झाली. आमच्या हौशी क्लबची शर्यत म्हणजे मोकळ्या मैदानावर चुन्याने आखलेली वळणं. एका वेळी एकच गाडी सुटते, घड्याळाशी झगडून परत येते, मग दुसरी. त्या एका गाडीसाठी प्रत्येक वळणावर झेंडा घेऊन एक माणूस उभा असतो, त्याला मार्शल म्हणतात आणि त्याच्या जागेला पोस्ट. शिवाय चुना टाकणारे, पाणी मारून धूळ बसवणारे, टायर रचणारे, रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढणारे, वेळ नोंदवणारे. सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून, सुटीचा दिवस मोडून, फुकट येतात. दुपारी जेवणाचं पाकीट मिळतं, ते दोन गाड्यांच्या मधल्या फटीत उभ्यानेच खायचं. संध्याकाळी भुवयांवर पांढरी धूळ घेऊन ते घरी जातात आणि विजेत्याच्या फोटोत त्यांच्यातलं कुणी नसतं.

पण माझा संताप फक्त त्या ओळीवर नव्हता. ही पुस्तिका नव्या मार्शलना शिकवण्यासाठी छापलेली होती. तिच्या मधल्या एका पानावर ठळक अक्षरांत होतं: ‘उदाहरण पहिले: पोस्ट सोडण्याचे परिणाम.’ खाली एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका अपघाताची हकीकत आणि हे वाक्य: ‘अपघाताच्या वेळी चार नंबर पोस्टवरील मार्शल वामन कांबळे जागेवर नव्हते.’

हे वाक्य मी लिहिलेलं आहे. त्या दिवशी मी शर्यतीचा प्रमुख होतो. स्टार्टचा झेंडा माझ्या हातात होता आणि नंतरचा अहवालही मीच लिहिला. वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं.

घडलं होतं ते असं. चौथ्या वळणावर एक गाडी चिखलात रुतली. तिला ओढायला ट्रॅक्टर आत गेला. वामनरावांचा वायरलेस सेट बंद पडला होता. सेट बंद पडला की दोन्ही हात डोक्यावर ठेवून ‘गाडी सोडू नका’ असं सुचवायचं आणि पुढच्या पोस्टवरच्या माणसाने तो निरोप आपल्या सेटवरून स्टार्टला द्यायचा, अशी आमची रीत होती. वामनरावांनी हात डोक्यावर ठेवले. पाच नंबरवरच्या लछूभाईने मला सेटवर सांगितलं, थांबवा, ट्रॅक्टर आत आहे. दोनदा सांगितलं. मला दोन्ही वेळा स्पष्ट ऐकू आलं. पण मंचावरच्या मुख्य पाहुण्यांना निघायची घाई होती आणि त्यांच्या भाच्याची गाडी रांगेत पहिली होती. ट्रॅक्टर एव्हाना निघाला असेल, असं मी मनाशी ठरवलं आणि झेंडा खाली करून गाडी सोडली. गाडी येताना दिसल्यावर वामनराव पोस्ट सोडून तिच्यासमोर चाळीस पावलं धावत गेले, झेंडा हलवत, ओरडत. त्यामुळे ड्रायव्हरने गाडी वळवली. ती बांधावर चढून उलटली आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. ट्रॅक्टरवर आदळली असती तर काय झालं असतं ते मी आजही मनात पुरतं येऊ देत नाही.

कमिटीने विचारलं, पोस्टवर माणूस होता का? मी लिहिलं, नव्हता. वामनरावांना मैदानात यायला बंदी झाली. मी पुढे निवृत्त झालो आणि मुलाकडे सांगलीला आलो.

माझं वय शहात्तर. पुस्तिका मिळाली त्याच आठवड्यात क्लबची शर्यत बदलापूरला होती. मी क्लबचा सचिव निखिल याला फोन केला आणि सांगितलं की मी येतोय आणि हे पान बदलायचं आहे. तो माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा. गोड बोलतो. काका, जरूर या, तुमचा सत्कारच करू, म्हणाला. पानाबद्दल काही बोलला नाही.

शुक्रवार, उल्हासनगर

पहिल्याच दिवशी मी चुकलो. उल्हासनगरात पत्ता जुन्या निर्वासित कॅम्पच्या नंबरावर चालतो आणि मी चारऐवजी तीन नंबर कॅम्पात उतरलो. सांगलीत पत्ता विचारला तर माणूस आधी तुमचं आडनाव विचारतो, मग कोणाकडे जायचं ते, आणि शेवटी घरापर्यंत सोडतो. इथे कुणाला वेळ नाही, पण उत्तर चोख मिळतं. जीन्सच्या गठ्ठ्यांवर बसलेल्या एका माणसाने मान वर न करता सांगितलं, “सीधा, फर्निचर बाजार, लेफ्ट, वेल्डिंगचा आवाज आला की थांबा.” आवाज आला तिथे मी थांबलो. तेच लछूभाईचं गॅरेज होतं.

लछूभाई सिंधी. वय सत्तरच्या पुढे, पण हातात अजून वेल्डिंगची काच. गाडी उलटली तर ड्रायव्हर चिरडू नये म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवतात. क्लबच्या निम्म्या गाड्यांचे पिंजरे या माणसाने बसवून दिलेत, मजुरी न घेता. शिवाय शर्यतीच्या दिवशी पाच नंबरला उभा. पुस्तिकेत त्याचं नाव शोधून पाहा, सापडणार नाही.

मला ओळखायला त्याला जरा वेळ लागला. मग म्हणाला, “साठे साब! अरे साईं, बसा. खाया क्या कुछ?” आणि उत्तराची वाट न बघता दाल पकवान, म्हणजे डाळ आणि कडक तळलेली पुरी, मागवलं. आमच्याकडे सकाळच्या खाण्यात भडंग कुरकुरीत असावं लागतं, पण पकवानापुढे भडंग मऊ म्हणायचं. माझ्या कवळीची परीक्षाच होती. मी ते डाळीत बुडवून बुडवून खाल्लं, ते बघून तो हसला.

मग मी सांगितलं. आवाज आला होता, लछूभाई. दोन्ही वेळा आला होता.

त्याने हातातली काच खाली ठेवली. तो रागावेल अशी माझी तयारी होती. तो रागावला नाही, आणि ते जास्त जड गेलं. तो म्हणाला, “मला वाटत राहिलं, माझं बटण नीट दाबलं नाही. मी बोललो, पण गेलं नाही. कितीदा रात्री अंगठ्याकडे बघितलंय मी.”

आणि मग त्याने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. वामनराव आणि तो एका कारखान्यात बरोबर कामाला लागलेले, एकाच स्कूटरवरून मैदानात येणारे. अपघातानंतर वामनरावांनी त्याला एकच विचारलं होतं, तू निरोप दिलास ना? आणि लछूभाईला स्वतःचीच खात्री नव्हती. तो म्हणाला, दिला वाटतं. त्या ‘वाटतं’वर दोघांचं बोलणं थांबलं. उल्हासनगर ते अंबरनाथ रिक्षाचं अंतर, आणि एकोणीस वर्षं ते एकमेकांच्या घरी गेले नाहीत. मी समजत होतो की मी एका माणसाचं नुकसान केलं.

मी म्हणालो, उद्या माझ्याबरोबर वामनरावांकडे चला. तो नाही म्हणाला. “पहिले आप जाके बोलो. मी इतवारला मैदानात आहेच. मी कुठे पळतोय?”

निघताना चपलेचा अंगठा तुटला. लछूभाईने तांब्याच्या तारेने तो असा बांधून दिला की सांगलीला परत येईपर्यंत टिकला.

शनिवार, अंबरनाथ

सकाळी मी आधी जुन्या शिवमंदिरात गेलो. भक्तीने गेलो म्हणणार नाही, पुढचं काम लांबवायला गेलो. दगडावरचं कोरीव काम तसंच आहे आणि शेजारचा नालाही तसाच. मी नोकरीला होतो तेव्हाही त्याला असाच कारखान्यांचा उग्र वास यायचा. बाहेरून आलेली मंडळी नाकाला रुमाल लावून फोटो काढत होती. एवढ्या वर्षांनीही तो वास मला ओळखीचा वाटला, याचीच चीड आली.

वामनराव रेल्वेच्या पूर्वेला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहतात. दारावर निळी पट्टी, आत बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर. दार त्यांच्या पत्नीने, शकुंतलाबाईंनी उघडलं. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “माहीत आहे. तुमचं नाव रोज दिसतं.” मला कळेना. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे शिलाई मशीन होतं, त्यावर पिवळ्या आणि लाल कापडाचे चौकोन, आणि मशीनच्या वर भिंतीला चिकटवलेली माझ्या अहवालाची पिवळी पडलेली झेरॉक्स.

ते झेंडे क्लबचे होते. मी विचारलं तेव्हा कळलं की मार्शलांचे सगळे झेंडे दर वर्षी शकुंतलाबाईच शिवून देतात. क्लबने नवऱ्याला मैदानाबाहेर काढलं आणि झेंडे मात्र बायकोकडून शिवून नेले. दर वर्षी कुणीतरी मोटारसायकलवरून येतं, पिशवी घेतं, थँक यू काकू म्हणतं आणि जातं. हे ऐकल्यावर मला बसवेना. मी विचारलं, तुम्ही का देता?

“हे म्हणतात म्हणून,” त्या म्हणाल्या. “उन्हात रंग उडलेला झेंडा लांबून दिसत नाही. न दिसला तर गाडीतलं पोरगं मरतं. क्लबसाठी नाही शिवत मी.”

वामनराव आतून आले. वाकले नव्हते, बारीक झाले होते. जय भीम म्हणाले, खुर्ची पुढे केली, आणि बसले. मी जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. मी घरून पाठ करून आलो होतो, तरी मधेच अडखळलो. सांगून झाल्यावर ते म्हणाले, “लछूचा आवाज तुम्हाला आला होता?”

“आला होता.”

“किती वेळा?”

“दोनदा.”

ते उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. बाहेर शकुंतलाबाई आणि मी. त्यांनी भिंतीवरचा कागद काढून माझ्या हातात दिला.

“दहा वेळा वाचलाय मी हा,” त्या म्हणाल्या. “मला माहीत होतं यात काहीतरी खोटं आहे. पण कुठला शब्द, ते सापडलंच नाही. हे म्हणायचे, अगं, मी जागेवर नव्हतोच, खरं आहे ते. मी म्हणायचे, मग तुम्ही झोपा काढत होता का? तसं का नाही लिहिलं, कुठे होते ते?”

माझ्यासारख्या इंजिनिअरने ऑफिसच्या पद्धतीने टाईप केलेला कागद होता तो, खाली सही, शिक्का. वामनरावांसारख्या फिटरचं म्हणणं त्यापुढे कोण ऐकणार, हे मला तेव्हाही माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी ते लिहू शकलो.

वामनराव बाहेर आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. त्यांनी विचारलं, “लछूचा नंबर आहे का तुमच्याकडे?” मी दिला. त्यांनी तो कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून घेतला. फोन केला नाही.

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “ते तुमचं तुम्ही बघा. पुस्तिकेचं काय करणार?”

मी म्हणालो, उद्या स्टेजवरून सगळ्यांसमोर सांगतो. त्यावर शकुंतलाबाई एकदम बोलल्या. “स्टेजवर नको. स्टेजवरच्या लोकांना ह्यांचं नाव माहीत नाही. सकाळी मार्शलांना उभं करून शिकवतात ना, तिथे सांगा. ह्यांना कमीपणा तिथे आला.”

जेवायच्या वेळेला मी उठू लागलो. त्या म्हणाल्या, “उपाशी कुणाला पाठवत नाही मी. म्हणून जेवा.” चवळीची उसळ आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडे भाकरी ज्वारीची; तांदळाची इतकी पातळ आणि मऊ असते हे मी विसरलो होतो. कौतुक करायचं तोंड नव्हतं, मुकाट्याने दोन खाल्ल्या.

रविवार, बदलापूर

मी इथे राहत होतो तेव्हा बेलवलीच्या पुढे भातखाचरं लागायची. आता इमारतींच्या रांगा संपायचं नाव घेत नाहीत. शर्यतीचं मैदान त्याच्याही पलीकडे, नदीच्या अंगाला. भात निघाल्यावर गावातले एक शेतकरी आपली जमीन क्लबला देतात. सकाळी सव्वासहाला पोचलो तेव्हा ते स्वतः टँकरच्या मागे पाइप धरून उभे होते. मी विचारलं, कधीपासून? “काल सांजेपास्न. धूल नाय उडाली पायजे, सायेब, पोरांना दिसाचा नाय.” यांचंही नाव त्या ‘इतर सर्व’मध्ये.

मंच मात्र तयार होता. प्रायोजकांचे माणसापेक्षा मोठे फोटो, पाहुण्यांसाठी सोफे, पंखे. मार्शलांसाठी मैदानाच्या टोकाला एक ताडपत्री.

निखिल शाल घेऊन आला. मी शाल नाकारली आणि रात्री लिहून काढलेला माझा कबुलीचा कागद दिला. त्याने वाचला, चेहरा पडला. म्हणाला, “काका, इतकं कशाला? पुढच्या आवृत्तीत आपण बदलू ना. ‘संपर्कातील त्रुटीमुळे अपघात झाला’ असं लिहू. कुणाचंच नाव नको.”

मी म्हणालो, संपर्कात त्रुटी नव्हती. बंद सेट असतानाही निरोप माझ्यापर्यंत बरोबर पोचला होता. त्रुटी माझ्यात होती. तो म्हणाला, आता ते जुनं उकरून नव्या पोरांचा विश्वास कशाला घालवायचा? तेव्हा माझा आवाज चढला. एकोणीस वर्षं एका माणसाचं नाव छापताना कुणाचा विश्वास गेला नाही, आणि माझं नाव आलं की जातो?

ताडपत्रीखाली पंचवीस-तीस मार्शल जमले होते. बँकेतले, शाळेतले, कारखान्यातले, दोघी परिचारिका, रात्रपाळी करून आलेला एकजण उभ्यानेच पेंगत होता. वामनराव आणि शकुंतलाबाई झेंड्यांची पिशवी घेऊन एका बाजूला थांबले होते. बंदी असल्याने मैदानाभोवतीच्या दोरीच्या आत आले नव्हते. लछूभाई दुसऱ्या टोकाला होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं हे मला कळलं, कारण दोघेही मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

मी वाचलं. नावासकट, पाहुण्यांच्या घाईसकट, चाळीस पावलांसकट. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं. मार्शलांची प्रमुख प्रज्ञा, कल्याणच्या एका बँकेत काम करणारी मुलगी, पुस्तिका उलटून पाहत होती. तिने विचारलं, “यात मार्शलने काय करायचं नाही याचे बावीस नियम आहेत. स्टार्टवरच्या माणसाने निरोप आल्यावर थांबायचं, हा नियम कुठे आहे?”

सगळ्यांनी पानं चाळली. तो नियम कुठेच नव्हता. इतक्या वर्षांत तो लिहावा असं कुणाला वाटलंच नव्हतं, आणि नियम लिहिणाऱ्यांत मी होतो.

मग जागच्या जागी, पेनने, प्रत्येक प्रतीत दुरुस्ती झाली. मी एका खुर्चीवर बसलो आणि एकेक मार्शल आपली पुस्तिका पुढे करत गेला. जुनं वाक्य खोडायचं, वर ‘निरोप मिळूनही साठे यांनी गाडी सोडली’ असं लिहायचं, खाली नवा नियम. निखिल मधे म्हणाला, नाव नसलं तरी चालेल ना. दोरीपलीकडून वामनराव म्हणाले, “नाव घाला. माझं होतं ना?” तोवर ते तेवढंच बोलले होते. प्रज्ञाने हजेरीचा कागद दोरीवरून त्यांच्यापुढे धरला. बंदी कुणी उठवायची हे तिने कुणाला विचारलं नाही. त्यांनी सही केली, पिशवीतून एक लाल आणि एक पिवळा झेंडा काढला आणि दोरीखालून आत आले. चार नंबर मोकळाच होता. लछूभाई शेजारून जाताना म्हणाला, “पाणी घेतलंस का? तू कधी घेत नाहीस.” वामनराव म्हणाले, “तुझ्याकडे असतं ना.” एवढंच, आणि दोघे आपापल्या वळणाकडे गेले.

मी त्यांच्या मागे निघालो तर प्रज्ञाने अडवलं. “आजोबा, तुम्ही मार्शल नाही. दोरीबाहेर.” मला क्षणभर राग आला. या क्लबचा मी प्रमुख होतो. मग बाहेर गेलो.

दिवसभर प्रेक्षकांत उभा राहिलो आणि तिथून पहिल्यांदा हा खेळ पाहिला. गाडी आली की सगळे गाडीकडे बघतात. झेंडेवाला दिसतच नाही. फेरी संपवून परत जाताना ड्रायव्हरने मार्शलांना हात दाखवायची जुनी पद्धत आहे. मी मोजत होतो, फार थोड्यांनी पाळली. हेल्मेटमधून मान फिरवायला काय जातं यांचं?

दुपारी एका गाडीचा बंपर चौथ्या वळणावर तुटून पडला. वामनरावांनी लाल झेंडा वर धरला आणि स्टार्ट थांबला. माझ्या शेजारी एक तरुण फोनवर शूटिंग करत होता. तो वैतागला. “क्या टाइमपास चल रहा है. बंपर तर आहे, बाजूने जाईल ना गाडी. बुढ्ढा भाव खातोय.”

मला राहवलं नाही. मी त्याचा हात धरून खाली केला आणि त्याला सगळं सांगितलं. तो बुढ्ढा कोण, त्याने काय केलं, त्याच्यावर काय लिहिलं गेलं आणि का. माझा आवाज इतका चढला होता की आजूबाजूचे चारजण ऐकायला वळले.

“म्हणजे चूक तुमची होती?” त्याने विचारलं.

“हो. माझी.”

मग त्याने फोन खिशात टाकला आणि मैदानाकडे पाहू लागला. लछूभाई बंपर खांद्यावर घेऊन, गुडघा सांभाळत, वळणातून हळूहळू बाहेर येत होता. स्टार्टवर गाडी गुरगुरत होती, मंचावरून कुणीतरी हातवारे करत होतं. लछूभाईचा दुसरा पाय चुन्याच्या रेषेबाहेर पडेपर्यंत वामनरावांनी झेंडा खाली घेतला नाही, आणि तोपर्यंत कुणीही गाडी सोडली नाही.